अस्तराचा अधिकार

अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली जे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, तेथे बसून ज्यांनी अद्वैत वेदान्ताचा अभ्यास केला त्या पंडितांना, आपल्या विवेचनाचा संबंध पुढे कोणी धुळ्याच्या हमरस्त्यावरील गॅरेजात मोटारसायकलच्या टाकीला कोणते अस्तर द्यावे या वादाशी जोडील, असे स्वप्नातही वाटले नसेल. परंतु ज्या संस्थेतील मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी अज्ञानाच्या स्वरूपाविषयीची आपापली स्वतंत्र मते १९३३ साली एकाच ग्रंथात शेजारी शेजारी छापली, त्या मोकळ्या जागी या विषयालाही बहुधा मज्जाव झाला नसता. अज्ञानाचा आश्रय कोण, जीव की ब्रह्म, हा भामतीकार आणि विवरणकार यांच्या अनुयायांमधला जुना तंटा त्या मंदिरातील चर्चांच्या मुळाशी होता. मला मात्र त्याच्या अलीकडचा, अगदी उंबऱ्याशी उभा असलेला प्रश्न अधिक छळतो. ज्ञानाच्या आधी साधकाची काही तयारी झालेली असली पाहिजे, हे सर्व आचार्यांना मान्य आहे. ती तयारी म्हणजे पूर्वीचे सगळे संस्कार खरवडून चित्त उघडे करणे होय, की पूर्वीच्या संस्कारांतले जे टिकाऊ आहे त्यालाच धरून त्यावर नवे चढवणे होय, याविषयी मात्र एकवाक्यता नाही, आणि उपदेश करणारे बहुतेक जण हा भेद ध्यानात न घेताच उपदेश करीत असतात.

रंगाऱ्याला असे करून चालत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या धुळ्यात गाड्यांचे पत्रे ठोकणारे आणि रंगवणारे कारागीर विपुल आहेत. जुनी बुलेट किंवा येझदी विकत घेऊन ती मनासारखी रंगवून घेण्याची हौस अलीकडे जळगाव-धुळ्याकडच्या तरुणांत वाढल्यामुळे, एरवी ट्रकांचे काम करणाऱ्या या कारागिरांपुढे नाजूक कामेही येऊन पडतात. अशाच एका पडवीत एक तरुण आपल्या बुलेटच्या टाकीला गडद लाल रंग हवा म्हणून भ्रमणध्वनीवरची चित्रे दाखवीत होता. त्याची सर्व विवंचना रंगाची होती. अस्तर म्हणजे मधली एक किरकोळ बाब असून ती स्वस्तातली चालेल, असे त्याने गृहीत धरलेले होते. मिस्त्रींनी ती चित्रे पाहिली, मान हलवली, आणि म्हणाले, "भाऊ, पयले पत्रा काय म्हनस ते देखा, मंग रंगनं बोला."

पत्र्याचे म्हणणे ऐकण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. त्यांनी टाकीच्या माथ्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक चिरा पाडून चौकटींची एक लहानशी जाळी केली, तीवर चिकटपट्टी नखाने दाबून बसवली आणि एका झटक्यात ओढून काढली. एकही चौकट सुटली नाही. कारखान्यात दिलेला रंग अद्याप पत्र्याला धरून होता. मग टाकी उलटी करून, पेट्रोलच्या नळीजवळ जेथे ओल आणि चिखल साचतो तेथे, त्यांनी तोच प्रयोग केला, तेव्हा पट्टीबरोबर रुपयाएवढा रंगाचा तुकडा निघून आला आणि त्याच्या पाठीला तपकिरी भुकटी चिकटलेली दिसली. वरून पाहता दोन्ही ठिकाणचा रंग सारखाच चकचकीत होता. तरुणाला हा प्रयोग मुळीच रुचला नाही. चांगल्या टाकीला मुद्दाम ओरखडे काढल्याची त्याची तक्रार होती.

अस्तराचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांतला कोणताही एक दुसऱ्याहून स्वभावतः श्रेष्ठ नाही, ही गोष्ट हौशी माणसाला सहसा पटत नाही, कारण दुकानात गेल्यावर तो सर्वांत उत्तम अस्तर कोणते असे विचारतो आणि दुकानदार सर्वांत महाग डबा काढून देतो. घराच्या जाळ्या आणि शेताची फाटके यांना जो तांबडा रेड ऑक्साईड फासतात तो स्वस्त आहे, लोखंडावर बसतोही ठीक. परंतु त्यावर तीव्र थिनर असलेला गाडीचा रंग मारला की खालचा थर फुगून वर येतो आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. एच प्रायमर म्हणून जो प्रकार आहे त्यात फॉस्फरिक आम्ल असते. ते धातूला किंचित चावून स्वतःला त्यात रोवून घेते. त्यामुळे ॲल्युमिनियमसारख्या, स्वतःच्याच ऑक्साईडचे पातळ कवच पांघरून कोणालाही जवळ येऊ न देणाऱ्या धातूवर त्याचा मोठा उपयोग होतो. त्याचा थर जेमतेम दहा मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, असतो. त्याने खड्डे भरत नाहीत, आणि त्यावर थेट लांबी भरली तर त्यातल्या आम्लामुळे ती नीट आवळत नाही. इपॉक्सी हे दोन डब्यांचे अस्तर: राळ एका डब्यात, हार्डनर दुसऱ्यात, आणि दोन्ही ठरल्या प्रमाणात मिसळल्यावाचून ते कधी वाळायचे नाही. उघड्या पोलादाला ते घट्ट धरते, ओलावा सहजासहजी आत जाऊ देत नाही, त्यावर लांबीही भरता येते. मात्र ते सावकाश वाळते आणि घासताना कागदात अडकते. सरफेसर नावाचे जाड अस्तर याच्या उलट स्वभावाचे आहे. घासायला ते मऊ आणि आज्ञाधारक, बारीक ओरखडे भरून काढण्यात तरबेज. परंतु सच्छिद्र असल्यामुळे रंग न देता श्रावणात आठवडाभर तसेच उभे ठेवले तर पाणी पिते, आणि खालचा पत्रा गंजू लागतो.

रेड ऑक्साईडचा उल्लेख झाला आहे तर त्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या तांबड्या भुकटीने लोखंडाचे गंजापासून रक्षण करतात ती भुकटी स्वतः लोखंडाचे ऑक्साईडच असते. गंज हाही प्रायः तेच द्रव्य, फक्त पाण्याशी संयोग पावलेले, पोकळ आणि भुसभुशीत. मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापून तो वरच्या रंगाला उचलून फेकतो. आणि तेच लोखंड पूर्णपणे जळून निवाले, ज्याला आणखी काही घ्यायचे उरले नाही असे झाले, की तेलात खलून त्याचे अस्तर करता येते. विकार आणि त्यावरचा उपाय एकाच द्रव्याचे असावेत यात आपल्याकडच्या वैद्यांना किंवा योग्यांना काही नवल वाटले नसते.

खानदेशच्या हवेची कैफियतही या निवडीत विचारात घ्यावी लागते. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा गनमधून उडालेला थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत त्यातला थिनर वाटेतच उडून जातो आणि अस्तर वाळूसारखे खरखरीत बसते. म्हणून त्या दिवसांत सावकाश उडणारा थिनर घ्यावा लागतो आणि काम पहाटे उरकावे लागते. उलट पावसाळ्यात, थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन हवेतली वाफ त्यावर धरते आणि जुन्या पद्धतीचे लॅकर पांढरट पडते. एकच डबा, एकच हात, परंतु ज्येष्ठातले आणि भाद्रपदातले फळ वेगळे! काळाचा विचार न करता साधनेचा एकच क्रम सर्वांना लावून देणाऱ्या महाराजांनी एखादा उन्हाळा धुळ्यात रंगकाम करून पाहावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

वेदान्ताशी थोडीफार ओळख असलेला वाचक येथवर येईतो मनात म्हणू लागला असेल की अस्तर म्हणजे अधिष्ठान, रंग म्हणजे नामरूप, आणि लेखकाला आता जगन्मिथ्यात्वाकडे वळायचे आहे. हा मोह मला निषिद्ध वाटतो. अधिष्ठान व्हायचा मान कोणाला द्यायचाच तर तो पत्र्याला द्यावा लागेल, कारण रंग आणि अस्तर दोन्ही गेली तरी टाकी टाकीच राहते. अस्तर हे पत्र्याच्या जातीचे नाही आणि रंगाच्याही जातीचे नाही. जी दोन द्रव्ये एकमेकांना धरायला स्वभावतः तयार नसतात त्यांच्यामधला तो एक मुखत्यार आहे, आणि दोन्ही पक्षांना कबूल असणे एवढीच त्याची सनद. शास्त्राच्या भाषेत त्याची जागा ब्रह्माच्या प्रकरणात येत नाही, अधिकाराच्या प्रकरणात येते.

ब्रह्मसूत्रांचा आरंभच या प्रकरणाने होतो. ब्रह्माची जिज्ञासा करायची ती कशानंतर, हा पहिल्या सूत्रावरचा वाद आहे. शंकराचार्यांचे म्हणणे असे की नित्यानित्यविवेक, इहपरलोकीच्या भोगांविषयी विरक्ती, शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची उत्कट इच्छा, हे साधनचतुष्टय ज्याच्याजवळ आहे त्याने जिज्ञासा करावी. त्यासाठी कर्मकांडाचा अभ्यास आधी झालाच पाहिजे असे नाही. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. कर्माचा विचार आधी व्हायला हवा, त्याच्या फळाचे अल्पत्व आणि अस्थिरत्व कळायला हवे, आणि मगच ब्रह्माकडे वळावे, अशी त्यांची मांडणी. हा वाद पाठशाळेपुरताच आहे असे समजून आपण तो मागे टाकतो. वस्तुतः पूर्वायुष्याचे काय करायचे हाच त्याचा गाभा आहे. एकाच्या मते मागचा थर असला काय नि नसला काय, पृष्ठभागाची आजची अवस्था पाहायची. दुसऱ्याच्या मते मागच्या थरातून गेल्याशिवाय पुढचा थर बसायचाच नाही. दोन्ही मतांना मिस्त्रींच्या पडवीत जागा आहे, फक्त टाकीच्या वेगवेगळ्या बाजूंना.

कारण रंगकामातला हौशी माणसाचा सर्वांत मोठा भ्रम म्हणजे सगळे खरवडून पत्रा चकचकीत उघडा केला की काम शुद्ध पायावर उभे राहिले, हा होय. कारखान्यात पत्रा आधी फॉस्फेटच्या द्रावातून काढतात, मग कित्येक भाग अस्तराच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने ते अस्तर कानाकोपऱ्यांत, जेथे गनचा फवारा कधीच पोचणार नाही तेथेही, ओढून बसवतात, आणि सुमारे १६० ते १८० अंशांच्या भट्टीत भाजून काढतात. असा थर रस्त्यावरच्या कोणत्याही कारागिराला, त्याचा हात कितीही सिद्ध असला तरी, देता येत नाही. तो शाबूत असताना मोह पडून खरवडून काढणे म्हणजे हातातला दस्तऐवज फाडून नवा लिहायला बसणे. आणि उघडा केलेला पत्रा काही तुमची वाट पाहत थांबत नाही, दमट हवेत एका रात्रीत त्यावर तांबूस झाक येते. थर शाबूत असेल तर ४०० नंबरच्या पाणी-पेपराने त्याची नुसती चकाकी मारायची, पृष्ठभाग जरासा खरखरीत करायचा, तेलकटपणा पुसून घ्यायचा, आणि पुढचे काम त्यावरच करायचे. चकाकीवर काही धरत नाही, एवढाच काय तो त्या जुन्या थराचा दोष.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि सानेगुरुजींनी ती लिहून घेतली, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या प्रवचनांत स्वधर्माविषयी जे प्रतिपादन आहे त्याचा आशय असा की स्वधर्म हुडकीत फिरावे लागत नाही. तो माणसाला जन्मासोबतच मिळालेला असतो, आणि बाहेरच्या कर्माला आतल्या चित्तशुद्धीच्या कर्माची, ज्याला विनोबांनी विकर्म म्हटले त्याची, जोड मिळाली म्हणजे ते कर्म ओझे राहत नाही. ज्यांना आपली सारी परंपरा पुसून कोऱ्या पाटीवर अध्यात्म मांडायचे असते त्यांना हे फार बेताचे, फार घरगुती वाटते. मला ते कारखान्यातल्या थराविषयीच्या ज्ञानाइतके व्यवहारी वाटते. आईच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या, घरातली वारी, पर्युषणातले उपवास, शेतावरच्या देवाला दाखवलेला नैवेद्य, हे लहानपणीच्या भट्टीत भाजले गेलेले थर असतात. तिशीत एखादे पुस्तक वाचून ते काढून टाकता येतात खरे. पण त्यांच्या जागी जे फवारले जाते ते त्या कोपऱ्यांत पोचत नाही.

परंतु हीच भूमिका सरसकट घेतली तर तिचाही घात होतो, आणि परंपरेचे वकील नेमके येथे लबाडी करतात. टाकीच्या तळाशी जो रंग होता तोही कारखान्यातलाच होता, तोही वरून चकचकीतच होता. खालून गंज सरकत असताना वरचा थर जुना आहे, वडिलोपार्जित आहे, म्हणून त्याला हात लावू नये असे म्हणणारा रंगारी दोन पावसाळ्यांत गिऱ्हाईक गमावतो; धर्मक्षेत्रात असे म्हणणाऱ्याला मात्र मठाची गादी मिळते! विनोबांची प्रवचने ज्यांनी टिपली त्याच सानेगुरुजींनी, अमळनेरच्या शाळेत मुले घडवलेल्या त्या हळव्या माणसाने, १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभले आणि दहा दिवसांत ते दार उघडले. त्यांनी वारी टाकून दिली नाही, विठोबाला नाकारले नाही, अभंगांना जुनाट म्हटले नाही. अस्पृश्यतेचा गंज जेथे होता तेवढी जागा मात्र त्यांनी प्राणपणाने, अगदी पत्र्यापर्यंत, घासून काढली. स्वधर्माच्या उपदेशाचा असा अर्थ लावायला जी नजर लागते ती ग्रंथांतून आयती मिळत नाही. माझ्या मते त्या उपोषणात गीतेच्या त्या प्रवचनांवरचे सर्वांत प्रामाणिक भाष्य आहे; ते लिहिलेले नाही म्हणून अभ्यासकांच्या यादीत येत नाही इतकेच.

खरवडण्याचे वेड ज्यांना असते त्यांच्यासाठी खानदेशाजवळ एक आख्यायिका आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे, तेथे चांगदेवांचे देवालय आहे, आणि जवळच कोथळी-मेहूणच्या परिसरात मुक्ताबाईंचे स्थान. त्यांच्याच नावावरून जुन्या एदलाबादचे आता मुक्ताईनगर झाले आहे. योगसामर्थ्याने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला घेतले, पण वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा हे न सुचल्यामुळे कागद कोराच पाठवला. त्यावर इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असा मुक्ताबाईंनी शेरा मारला, आणि ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. आपण ही कथा अहंकाराच्या पराभवाची म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: कोरेपणाला निर्मळपणा समजण्याची चूक चांगदेवांसारख्या सिद्धाचीही होऊ शकते. उघडा पत्रा स्वच्छ दिसतो खरा, परंतु त्यावर अजून काहीही धरलेले नसते. त्या पत्राला उत्तर आले आणि पुढे मुक्ताबाईच चांगदेवांच्या गुरू झाल्या, हे त्या कोऱ्या कागदाचे भाग्य.

समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे हस्तलिखित धन शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावचे मठ धुंडाळून धुळ्यात आणले. १८९३ साली स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे ते छापून काढण्याची तजवीज केली, आणि आज ती बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत. दासबोधात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. चार अवस्था आणि चार अस्तरे यांचे कोष्टक मांडायला एखाद्या कीर्तनकाराला फार मजा येईल. मी ते मांडीत नाही. त्या वर्गवारीतला मोलाचा भाग एवढाच की ऐकणारा कोण आहे हे ठरवल्यावाचून काय सांगायचे हे ठरत नाही, आणि एकाच माणसात या चारही अवस्थांचे तुकडे नांदत असू शकतात. ज्या बुलेटची कथा चालली आहे तिच्या टाकीचा तळ उघडा करून त्याला इपॉक्सी द्यावी लागली, माथ्याला फक्त घासून सरफेसर पुरले, आणि इंजिनाच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या झाकणाला एच प्रायमर. एका गाडीला तीन अस्तरे कशाला, असे मालकाने दोनदा विचारले.

वेदान्ती येथे एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. कर्म, उपासना, शमदम ही सारी साधने चित्तशुद्धीपुरती. ज्ञान झाले की ती गळून पडतात. गढूळ पाण्यात घातलेल्या निवळीच्या बीची पूड जशी गाळ खाली नेते आणि स्वतःही त्याबरोबर तळाशी बसते, तसे साधनाने काम झाल्यावर उरू नये, हा त्यांचा आवडता दृष्टान्त. अस्तर तर गळून पडत नाही; रंग असेतो ते त्याच्याखाली तसेच राहते, किंबहुना ते गळू लागले की रंगही गेलाच. दृष्टान्त येथे तुटतो असे म्हणता येईल. मला मात्र वाटते की निवळीचाच दृष्टान्त थोडा अपुरा आहे. ज्ञानोत्तर भक्ती मानणाऱ्या वारकऱ्यांनी साधन टाकायचे असते हे कधी मनापासून स्वीकारले नाही. सिद्धावस्थेतही ज्याच्यावर सगळे उभे आहे असा नामाचा थर खाली असतोच, तो दिसत नाही इतकेच, असा त्यांचा अनुभव. शास्त्रदृष्ट्या शंकराचार्यांचा पक्ष बिनतोड असेल. टिकाऊपणाच्या कसोटीवर मी वारकऱ्यांची पैरवी करीन.

आणि अस्तर दिसत नाही हेही अर्धेच खरे आहे. लाल आणि पिवळे रंग झाकण्याच्या कामी दुबळे असतात. करड्या अस्तरावर तोच लाल मळकट दिसतो, पांढऱ्यावर उजळ. त्या तरुणाला हव्या असलेल्या पारदर्शक लाल रंगाच्या खाली तर चंदेरी थर द्यावा लागतो आणि प्रकाश त्यावरून परतूनच डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे पत्र्याने अस्तर ठरवले तरी अस्तराचा वर्ण ठरवताना वरच्या रंगाचेही ऐकावे लागते. सरकारदरबारी मात्र या आतल्या व्यवहाराची दखल नाही. एम एच अठरा असो की एकोणीस, गाडीच्या नोंदणीत रंगाचा रकाना असतो, रंग बदलला की परिवहन कार्यालयात अर्ज करून नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते. खाली काय आहे हे कोणताही कारकून विचारीत नाही. जनगणनेतला धर्माचा रकानाही याच जातीचा.

एक फरक मात्र दृष्टान्ताला ताणून झाकता येणार नाही. पत्रा खोटे बोलत नाही. ब्लेडच्या चिरा आणि चिकटपट्टी यांना तो जसा आहे तसा सामोरा जातो. अस्तर घासण्यापूर्वी रंगारी त्यावर काळ्या रंगाची हलकी धूळ उडवतात आणि लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून घासतात. उंच भाग साफ होतात, खोलगट जागी काळे तसेच राहते, आणि तळहाताला न लागलेला खड्डा डोळ्याला दिसतो. चित्त असे स्वतःला दाखवीत नाही. त्याला चाचणीची चाहूल लागते, आणि चाचणीपुरते ते सपाट होते. शम, दम, विरक्ती यांची यादी हातात धरून कोणी आपलीच परीक्षा घ्यायला बसला तर तो प्रत्येक रकान्यापुढे आपल्याला हवे ते लिहील. स्वतःच्या शांतपणाविषयी सर्वांत निःशंक असलेली माणसे घरात कशी वागतात हे आपण पाहतोच. म्हणून आपल्या परंपरेने ही कसोटी दुसऱ्याच्या हाती दिली, आणि ती देताना परीक्षकाच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या हाताच्या सवयीवर अधिक भरवसा ठेवला.

गोरोबाकाकांची कथा या दृष्टीने वाचावी. तेरला संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनीच कुंभाराच्या थापटण्याकडे बोट दाखवून हे कशाला असते असे विचारले, आणि मडके पक्के की कच्चे हे पाहायला असते असे उत्तर येताच, मग आमचीही मडकी पाहा, असे सुचवले. थापटणे एकेकाच्या डोक्यावर बसू लागले. इतरांनी ते मुकाट्याने सोसले, नामदेव मात्र चिडले, आणि त्या चिडण्यावरूनच हे मडके कच्चे असा निर्णय झाला. येथे गोरोबांनी कोणाच्या भक्तीचे वय विचारले नाही, कोणाचे अभंग तपासले नाहीत. विठ्ठलाशी ज्याचे प्रत्यक्ष बोलणे चाले तोच कच्चा ठरला. नामदेव फिर्याद घेऊन पंढरीला गेले, आणि देवाने ती निकाली न काढता त्यांना विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथाला पाठवले.

विसोबांनी नामदेवांना काय दिले याविषयी तत्त्वज्ञ बरेच लिहितात, पण काय काढून घेतले नाही याकडे त्यांचे लक्ष जात नाही. देव एका मूर्तीपुरता, एका गावापुरता आहे ही समजूत गेली. विठ्ठल गेला नाही. लहानपणापासूनचा प्रेमाचा थर शाबूत होता, त्याला फक्त पुढचे काही धरत नव्हते. गुरुकृपेनंतर नामदेवांनी नवे दैवत पत्करले नाही, जुनी भाषा टाकली नाही, कीर्तन सोडले नाही. पंजाबात घुमानपर्यंत ते गेले, त्यांची पदे पुढे गुरू ग्रंथसाहिबात घेतली गेली, आणि त्या परक्या मुलखातल्या पदांतही बीठलाचे नाव येतच राहिले.